शिकाऱ्याने राखलेले रान

रोह्याहून सुपेगावच्या बाजूने फणसाडच्या रानात शिरले की भर दुपारीही अंधारून आल्यासारखे वाटते. काही वर्षांपूर्वी आम्ही पेणची तीन-चार कुटुंबे तेथे गेलो होतो. उंच फांदीवर शेकरूचे घरटे दिसले. तेथे 'गाण' म्हणतात त्या पाणवठ्याच्या चिखलात भेकराच्या खुरांचे ठसे होते. बरोबरच्या एका मुलाने विचारले, "सगळीकडचे डोंगर बोडके झाले, मग हेच रान कसे उरले?" उत्तर मला ठाऊक होते, तरी ते देताना मी अडखळलो.

शासनाने १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य म्हणून जाहीर केले. तत्पूर्वी ते जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. ज्या जनावरांची चाहूल घेत आज आपण दबक्या पावलांनी चालतो, त्यांचे पूर्वज जपले गेले ते बंदुकीसाठी!

आल्प्स पर्वतातही असेच घडले. मोठ्या बाकदार शिंगांचा आयबेक्स हा रानबोकड शिकारीपायी जवळजवळ नामशेष झाला होता. १८५६ साली राजा दुसरा व्हिक्टर इमॅन्युएल याने ग्रान पाराडिसोच्या डोंगरात स्वतःच्या शिकारीसाठी रान राखून ठेवले. तेथेच १९२२ मध्ये इटलीचे पहिले राष्ट्रीय उद्यान उभे राहिले. आज आल्प्समध्ये हजारोंनी आयबेक्स आहेत, ते त्याच उरलेल्या कळपाचे वंशज. राजाला शिकारीचा षोक नसता, तर बहुधा तेही उरले नसते.

मग आपण नवाबांचे आणि राजाचे ऋणी आहोत काय? हेतू अशुद्ध असला तरी फळ चांगले येऊ शकते, हे मान्य करावेच लागते. पण ऋण मानायचे तर झीज कोणी सोसली, हे आधी पाहिले पाहिजे. राजाने स्वतः काहीच सोडले नव्हते. त्याने फक्त इतरांना मज्जाव केला. ज्यांची चूल त्या रानावर पेटत असे, त्यांनी ती किंमत मोजली. 'अभयारण्य' हा शब्द मोठा सुंदर आहे; मात्र त्यातले अभय जनावरांपुरते. खैरापासून काथ काढण्यावरून ज्यांना नाव पडले, त्या कातकऱ्यांना रानात पाऊल टाकताना रखवालदाराचे भय होतेच. वनावरील त्यांचे हक्क मान्य करणारा कायदा व्हायला २००६ साल उजाडावे लागले.

रान मोकळे सोडले असते तर ते टिकले असते, असेही मी म्हणणार नाही. कोळशाच्या भट्ट्यांनी आपल्या जिल्ह्यातले कितीतरी डोंगर खाल्ले. भट्टीवर राबणारा बहुधा कातकरी असे. कोळसा मात्र त्याच्या झोपडीत जळत नव्हता. तो शहरांत जात होता.

आणि लाकूड आमच्याकडे येत होते. माझ्या लहानपणी पेणला आमच्या दारात डोक्यावर मोळी घेऊन एक कातकरीण येई. आई भली बाई. कोणालाही उपाशी धाडायची नाही. तरी मोळीसाठी चार आणे कमी करून घेतल्याशिवाय ती ऐकत नसे. ती बाई रानातून चोरून, किती कोस चालत आली, हे आमच्या घरात कोणी कधीच विचारले नाही. त्या दिवशी गाणीपाशी उभ्या असलेल्या त्या मुलाला मी नवाबांची गोष्ट सांगितली. मोळीची सांगितली नाही.