मूल आपले देणे लागते काय?



आईबापांचा मान राखावा ही शिकवण आपल्या मुलांना लहानपणापासून मिळते. दहा आज्ञांपैकी पाचवी आज्ञा तीच आहे. त्यामुळे एखाद्या घरातले मूल आईच्या हाताला चावते, ताट भिरकावते, परक्या बाईच्या मांडीवर खुशाल जाऊन बसते पण आईने जवळ घेतले की लाकडासारखे ताठ होते, तेव्हा पाहणाऱ्याच्या तोंडून सहज निघून जाते, "केवढे केले ह्याच्यासाठी, पण काही जाणीव आहे का?" ते मूल दत्तक घेतलेले असले, किंवा येथे इस्राएलमध्ये ज्याला 'ओमना' म्हणतात त्या रीतीने सांभाळावयास आणलेले असले, तर 'उपकार' हा शब्दही उच्चारला जातो. ह्या शब्दाविषयी आज आम्हांला थोडे लिहावयाचे आहे. प्रश्न साधा आहे. मूल आपले देणे लागते काय? आणि ते त्याने दिले नाही तर आपले कर्तव्य संपते काय?

प्रथम एक खुलासा करतो. प्रत्येक खोडकर मूल ह्या प्रकारचे नसते. हट्ट करणारे, भावंडाला चिमटे काढणारे मूल बहुधा चारचौघांसारखेच असते. आई रागावली की त्याला वाईट वाटते व थोड्या वेळाने ते तिच्याच पदराला येऊन बिलगते. आम्ही लिहीत आहोत ते ज्याची पहिली वर्षे उपासमारीत, मारझोडीत किंवा ह्या घरातून त्या घरात जाण्यात गेली, अशा मुलाविषयी.

तान्हे बाळ रडते, कोणी तरी धावून येते, पाजते, कोरडे करते, थोपटते. असे हजारो वेळा घडले म्हणजे बाळाच्या मनात एक गोष्ट पक्की होते की हाक मारली तर माणूस येतो. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी (१९०७–१९९०) ह्यांनी ही गोष्ट शास्त्रीय रीतीने मांडली, आणि जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली त्यांनी लिहिलेल्या अहवालाने अनाथालयांकडे पाहण्याची अनेकांची दृष्टी बदलली. ज्या बाळाच्या हाकेला कोणी येत नाही, किंवा येणारा हात कधी कुरवाळतो व कधी मारतो, ते उलटाच धडा शिकते. माणसावर भिस्त ठेवावयाची नाही, आपले आपणच पाहावयाचे. मग नव्या घरात पोटभर जेवल्यावरही ते चपातीचा तुकडा उशीखाली लपविते, आणि मायेने पुढे झालेला हात त्याला सापळा वाटतो. दुधाने तोंड पोळले म्हणजे माणूस ताकही फुंकून पितो, असे आपणच म्हणतो. मग अशा मुलाने आपले ताक फुंकले तर त्यात अपमान कसला?

असे मूल 'दगड' असते, त्याला प्रेमच कळत नाही, असे काहींना वाटते. त्यांनी ज्यू लोकांच्याच इतिहासातील एक हकीकत ध्यानात घ्यावी. १९४५ साली टेरेझिनच्या छळछावणीतून सुटलेली सहा मुले इंग्लंडमध्ये आणली गेली. वये तीन ते चार वर्षांच्या आत. आईबाप नाझींनी मारलेले. सांभाळणारी माणसे सतत बदलत गेलेली. ससेक्स परगण्यात बुलडॉग्ज बँक नावाच्या घरी त्यांना ठेवले. तेथे त्यांनी खेळणी मोडली, सामानाची नासधूस केली, सांभाळणाऱ्या बायकांना ती मारीत, चावीत, थुंकत. परंतु तीच मुले एकमेकांना क्षणभरही सोडीत नसत. एक बाजूला झाले की बाकीची त्याची चौकशी करीत. खाऊ वाटताना दुसऱ्याला मिळाला की नाही हे आधी पाहत. अ‍ॅना फ्रॉइड व सोफी डान ह्यांनी १९५१ साली हा सर्व वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या सहा जीवांना माया ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? जे कधी सोडून गेले नाहीत, त्यांच्यावर त्यांनी ती केली. मोठी माणसे मात्र येत आणि नाहीशी होत. पुढे त्या घरात तीच माणसे दिवसामागून दिवस राहिली, तेव्हा ही मुले हळूहळू त्यांच्याकडेही वळली.

आता देण्याघेण्याचे पाहू. घेणाऱ्याने मागितले व परत करण्याचे कबूल केले, तर त्याला कर्ज म्हणावे. मुलाने आपल्या घरी येण्यासाठी अर्ज केलेला नसतो. एस्तेर राणी अनाथ होती व मर्दखयने तिला वाढविले, हे आपण दरवर्षी पुरीमला ऐकतो. पोरक्या मुलाला घरात वाढविणे म्हणजे त्याला जन्म देण्यासारखेच आहे, असे आपले रब्बी मानीत आले. हे जर खरे, तर पुढचेही मानावे लागेल. जन्म देणारी आई प्रसूतीच्या वेदनांचा हिशेब मुलासमोर ठेवीत नाही. मग वाढविणारीने तरी तो का ठेवावा? राहिली पाचवी आज्ञा. ती खरीच आहे, परंतु ती मुलाने पाळावयाची आहे. आईबापांनी वसूल करावी म्हणून ती दिलेली नाही.

प्रेम वसूल करू पाहणे किती घातक होते ह्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. २००० साली कोलोरॅडो राज्यात दहा वर्षांच्या एका दत्तक मुलीला नव्या आईची ओढ लागावी म्हणून 'पुनर्जन्मा'च्या नावाखाली चादरीत गुंडाळून वरून उशांनी दाबून धरले. श्वास घेता येत नाही असे ती सांगत राहिली. ती गुदमरून मेली. हे करणाऱ्या उपचारक बायकांना पुढे तुरुंगवास झाला. असे भयंकर प्रकार आपल्या घरी होत नाहीत, ही गोष्ट खरी. तरीही "आधी सॉरी म्हण, मगच जवळ घेईन", "असाच वागलास तर परत पाठवून देईन" ही वाक्ये त्याच वाटेवरची आहेत. आईची माया जाईल ह्या धाकाने सुधारते ते माया मिळालेले मूल. ज्याला ती जाणारच अशी आधीपासून खात्री आहे, त्याला हा धाक घालून आपण त्याचीच समजूत खरी ठरवितो.

"मग काय, त्याने वाटेल तसे वागावे?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. वागण्याचे कारण समजणे निराळे व वागण्याला परवानगी देणे निराळे. वॉर्सामधील अनाथगृहाचे प्रमुख डॉ. यानुश कोर्चाक, जे १९४२ साली आपल्या मुलांबरोबर ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेले, त्यांनी तेथे मुलांचेच एक न्यायालय चालविले होते. त्याच्या संहितेतील पहिली नव्याण्णव कलमे सोडून देण्याची किंवा क्षमेची होती, दोष ठरविणारी कलमे त्यांच्यामागून येत. तरीही प्रत्येक तक्रारीची सुनावणी होई. आमच्या मते घरातही हाच क्रम असावा. काच फोडली तर ती वेचावयास लावावी, चोरलेली वस्तू नेऊन द्यावयास लावावी, आणि रात्रीचे जेवण व झोपतानाचे थोपटणे त्या दिवशीही चुकवू नये. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे म्हणणारे वडीलधारे पुष्कळ भेटतील. ह्या मुलाने घाव पुरेसे सोसले आहेत, एवढेच त्यांस नम्रपणे सांगावे.

दुसरे, दिलेला शब्द पाळावा. मुलाला देतो म्हणून सांगावे व देऊ नये, असे करू नये, कारण त्यातून ते खोटे बोलावयास शिकते, असे रब्बी झेरा ह्यांचे मत तालमूदात आहे. ह्या मुलांच्या बाबतीत ते दसपटीने लागू पडते. पाच वाजता घ्यावयास येतो म्हटले की पाचलाच जावे.

हे सर्व लिहिणे सोपे, करणे कठीण, हे आम्ही जाणतो. आईबापही माणसेच आहेत. रात्र रात्र जागून, शाळेतल्या तक्रारी ऐकून त्यांचा धीर सुटतो. घरात दुसरी मुलेही असतात, आणि धाकट्याच्या जिवाला इजा होऊ न देणे हेही तितकेच मोठे कर्तव्य आहे. अशा वेळी डॉक्टरांची, समाजकल्याण खात्याची मदत घेण्यात कमीपणा नाही. प्रसंगी मुलाला काही काळ दुसरीकडे ठेवावे लागले, तर तेही पाप नव्हे. मात्र रागाने हाकलून देणे निराळे व दर शब्बाथला फोन करणारे, भेटावयास जाणारे आईबाप राहणे निराळे.

येथे आपणा शेजाऱ्यापाजाऱ्यांचे काम सुरू होते. उपदेश पुरे झाला. एखाद्या दुपारी जेवणाचा डबा नेऊन द्यावा, धाकट्यांना बागेत फिरवून आणावे. ते मूल आपल्या गळ्यात पडले तर खाऊ देऊन लाडावू नये, "चल, तुझ्या आईला विचारू" म्हणून हात धरून तिच्याकडे न्यावे. सिनेगॉगमध्ये त्याने गोंधळ घातला तर आईकडे डोळे वटारून पाहू नये.

ह्या कष्टांचे फळ मिळते काय? रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे अनाथालयातील १३६ बालकांचा अभ्यास २००० सालापासून झाला. निम्म्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून सांभाळ करणाऱ्या कुटुंबांत ठेवले. मागे राहिलेल्यांपेक्षा त्यांची मने पुष्कळ सावरली. त्यांतही दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुले अधिक सावरली. म्हणजे उशीर झाला तर काही जखमा राहतात, हे कबूल केले पाहिजे. एखादे मूल मोठे झाल्यावरही 'आई' म्हणताना अडखळेल. म्हणून तिने वाढविले ते वाया गेले असे आम्ही मानीत नाही. उशीखालचा चपातीचा तुकडा एक दिवस आपोआप नाहीसा झाला, तर त्या घराने आपले काम केले आहे. त्या दिवशी मुलाने आभार मानले की नाही, हे विचारण्याची गरज उरत नाही.