समतोल तराजू व न्याय

शाळेंत जाणाऱ्या मुलींचें प्रमाण मुलांच्या बरोबरीस आलें म्हणजे न्याय झाला काय?

वाचकहो, दोन देशांकडे पाहा. बांगलादेशानें १९९४ पासून गांवोगांवच्या माध्यमिक शाळांतील मुलींस शिष्यवृत्ति दिली. नियमित हजेरी, परीक्षेंत ठराविक गुण व अविवाहित राहणें, एवढ्याच अटी. आतां तेथील माध्यमिक शाळांत मुली मुलांहून अधिक आहेत. अफगाणिस्तानांत सप्टेंबर २०२१ मध्यें सहावीपुढील वर्ग मुलांसाठीं उघडले, मुलींसाठीं नाहींत. भेद मुलींच्या बुद्धींत नव्हता. दार ज्यांच्या हातीं, त्यांच्या मनांत होता.

तथापि बांगलादेशानेंही समाधान मानूं नये. २०१९ च्या पाहणींत तेथील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं सुमारें निम्म्यांचें लग्न अठराव्या वर्षापूर्वीं झालेलें आढळलें. गरीब घरचे पुष्कळ मुलगेही मजुरीसाठीं शाळा सोडितात. मुलगी लग्नामुळें व मुलगा मजुरीमुळें वर्गाबाहेर गेला, तर प्रमाण समानच राहील; दोन्ही पारडीं रिकामीं असलीं तरी तराजू समतोलच दिसतो.

यास्तव बंद दार उघडणें हा न्यायाचा केवळ आरंभ होय. वर्गांत कोण नाहीं व कां नाहीं, हें विचारीत राहणें हें पुढील कर्तव्य.