दुसरा मेसेज

शनिवारी संध्याकाळी दोघं पहिल्यांदा भेटली. घरच्यांनी नंबर दिला म्हणून म्हणा, नाहीतर एखाद्या अ‍ॅपवर ओळख झाली म्हणून म्हणा. कॉफी गार होईपर्यंत गप्पा झाल्या. दोघांनाही बरं वाटलं. निघताना तो म्हणाला, ‘पोचलीस की कळव,’ आणि तिनं आठवणीनं कळवलं. इथवर सगळं छान चाललंय. मग सोमवार उजाडतो. सकाळी सातला त्याचं ‘गुड मॉर्निंग’ येतं, सोबत उगवत्या सूर्याचा फोटो. साडेनऊला ‘लोकल मिळाली का?’ अकराला एक रील. एक वाजता ‘जेवलीस का?’ दोनला ‘बिझी दिसतेस.’ आणि सव्वातीनला ‘माझं काही चुकलं का?’ तिकडे ती बँकेत काउंटरवर आहे. महिन्याची पहिली तारीख, समोर पेन्शनवाल्यांची रांग, फोन पर्समध्ये. सकाळच्या गडबडीत तिनं पहिले दोन मेसेज पाहिले होते, संध्याकाळी निवांत उत्तर देऊ असं मनाशी ठरवलंही होतं. साडेचारला ती फोन हातात घेते, आणि शनिवारी आवडलेल्या मुलाचं नाव वाचून तिला पहिल्यांदाच थोडं दमल्यासारखं होतं.

मुलगा चांगला आहे, यात शंका नाही. त्याची उत्सुकता खरी आहे, काळजीही खरी आहे. पण ते सहा मेसेज ओळीनं वाचून पाहा. सुरुवातीला विचारपूस तिची आहे. शेवटी शेवटी मात्र तो स्वतःचीच चौकशी करतोय, मी अजून आवडतो ना, एवढंच त्याला हवंय. एकदाच भेटलेल्या माणसाची समजूत काढायचं काम तिच्या अंगावर येऊन पडतं. आता तिनं उत्तर दिलं तरी ते मनापासून आलेलं राहत नाही, द्यायचं म्हणून दिलेलं होतं. आणखी एक गोष्ट हातची जाते, ती मला जास्त मोलाची वाटते. आवड वाढते ती बहुतेक वेळा समोरचं माणूस जवळ नसताना. रविवारी दोरीवर कपडे वाळत घालताना तिला आठवलं होतं, याचे साताऱ्याचे आजोबा आकाशवाणीच्या सात-पाचच्या बातम्यांवर भिंतीवरचं घड्याळ लावायचे. ती स्वतःशीच हसली. पुढच्या वेळी विचारायचं, ते घड्याळ आता कुणाकडे आहे. त्या घटकेला तो तिला शनिवारपेक्षा थोडा जास्त आवडला, आणि त्यासाठी त्याला काहीच करावं लागलं नव्हतं. असं आठवायला, वाट पाहायला, आपण होऊन विचारायला माणसाला थोडी मोकळी जागा लागते. दर दोन तासांनी फोन वाजू लागला की ती जागा भरून जाते. सोमवारी दुपारपर्यंत तिला तो आठवावाच लागत नाही, कारण तो सारखा समोरच आहे. मुलींकडूनही हे असंच होतं, माणूस तेवढा बदलतो.

मग हात सारखा फोनकडे का जातो? त्यात आपल्या स्वभावाचा भाग आहेच, पण फोनचाही आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आल्या २०१४च्या नोव्हेंबरमध्ये. त्याआधी दोन खुणा दिसल्या की मेसेज पोचला, इतकंच कळायचं. आता वाचला हेही कळतं, आणि वाचून उत्तर आलं नाही की त्या गप्प राहण्याचा अर्थ आपण आपल्या पदरचा लावतो. लोकलच्या गर्दीत एका हातानं पाहिला असेल, साहेबांसमोर चुकून उघडला गेला असेल, हे त्या वेळी सुचत नाही. नको असलेलंच आधी सुचतं. शिवाय उत्तर कधी मिनिटात येतं, कधी रात्री, कधी दुसऱ्या दिवशी. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर बरेच प्रयोग केले होते. चोच मारली की दाणा मिळायचा, पण कितव्या वेळेला मिळेल याचा नेम नसायचा. अशी कबुतरं न थकता चोच मारत राहायची, आणि दाणा बंद झाल्यावरही बराच वेळ थांबायची नाहीत. नेम नसलेल्या गोष्टीची ओढ अशी चिवट असते. तेव्हा दुपारी तीनला जीव कासावीस झाला, तर त्यावरून प्रेम किती खोल आहे ते ठरवू नये, आणि आपल्यात काही खोट आहे असंही समजू नये. त्या निळ्या खुणा सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतात. मग आपल्यालाही दुसऱ्याच्या दिसत नाहीत, आणि नव्या ओळखीच्या दिवसांत त्यानं मन बरंच शांत राहतं. पाठवलेला मेसेज घाबरून पुसण्यात मात्र अर्थ नाही. पुसल्याची नोंद तिथंच राहते, आणि काय लिहिलं होतं याचा घोर आता दोघांना लागतो.

काही जण सल्ला देतात की मुद्दाम उशिरा उत्तर द्या, तीन तास झुलवा, किंमत वाढते. मला हे पटत नाही. ज्याच्याशी पुढं संसार करायची शक्यता आहे, त्याच्याशी पहिल्या आठवड्यातच डावपेच कशाला? त्यापेक्षा साधी सवय बरी. शेवटचा मेसेज आपला असेल, तर फोन ठेवावा आणि आपल्या कामाला लागावं. दुसरा मेसेज लिहावासा वाटलाच, तर त्यात तिच्यासाठी काही आहे का, की आपली धाकधूक कमी व्हावी म्हणून लिहितोय, एवढं स्वतःला विचारावं. सांगण्यासारखं काही असेल तर ते भेटीसाठी राखून ठेवावं. समोर बसून सांगितलेल्या गोष्टीला आवाज असतो, चेहरा असतो. ‘जेवलीस का?’पेक्षा तिनं शनिवारी सांगितलेलं काहीतरी लक्षात ठेवून विचारलेला एक प्रश्न कितीतरी पुढं जातो. तिच्या भावाचा बारावीचा निकाल आज आहे, हे आठवलं तर जरूर विचारावं. घरच्या मोठ्यांनीही थोडं सांभाळून घ्यावं. ‘आला का गं त्याचा मेसेज?’, ‘तू केलास का रे?’ असं आईनं रोज जेवताना विचारलं की पोरांच्या जिवाला आणखी घाई होते. आईचं मन अधीर होणारच, पण हा प्रश्न आठवड्यातून एकदा विचारला तरी चालेल. दोन-तीन दिवस काहीच आलं नाही, तर एकदा सरळ लिहावं: ‘तुला भेटून छान वाटलं. परत भेटायला आवडेल, तुला जमेल तसं सांग.’ यात रुसवा नाही, हिशेब नाही. तिला हो म्हणायला वाट आहे आणि नाही म्हणायलाही. त्यानंतर पुढचं तिच्यावर सोडावं. आणि तिचं उत्तर आलं, तर वेळ बघत बसू नये, आनंदानं लगेच उत्तर द्यावं.