बायोडेटातला मुलगा आणि वावरातला मुलगा



कापूस घरात आला, नाताळ उरकला, की राखेच्या बुधवारापर्यंत आपल्याकडे सोयरिकींची घाई सुरू होते. या दिवसांत आमच्या मोबाइलवर मिस्साची वेळ विचारणारे थोडे आणि बायोडेटा पाठवणारे फार. "फादर, तुमच्या पाहण्यात कोणी असेल तर सांगा," एवढेच खाली लिहिलेले असते. यात काही वावगे नाही. १९५५ साली स्थापन झालेला आपला अमरावती धर्मप्रांत अनेक जिल्ह्यांवर पसरलेला, पण कॅथलिक घरे विरळ. वणीच्या घराला पुसदचे घर माहीत नसते. पूर्वी धर्मशिक्षक किंवा एखादी सिस्टर मधे पडे आणि सोयरीक जुळे. आता मुले नागपूरला, पुण्याला शिकायला आणि नोकरीला गेली, जोडीदार मोबाइलवर शोधू लागली. लग्न जुळवणारी संकेतस्थळे आपल्या देशात गेल्या शतकाच्या शेवटच्या वर्षांतच आली. २०१२ साली अमेरिकेत टिंडर निघाले आणि मग फोटो आवडला तर बोट उजवीकडे, नाही आवडला तर डावीकडे, असा प्रकार इथल्या मुलांच्याही हाती आला.

यंत्राला आम्ही दोष देत नाही. घटकाभर विचार करायचा आहे तो त्या यंत्रापुढे बसल्यावर आपण स्वतःविषयी काय लिहितो याचा.

बायोडेटा वाचताना आम्हाला पुष्कळदा असे वाटते की आपल्या धर्मग्रामात शेतकरी कोणी उरलाच नाही. प्रत्येक मुलगा 'कंपनीत' आहे. कंपनी कोणती, काम कायमचे की कंत्राटी, हे लिहिलेले नसते. घरची सात एकर कोरडवाहू जमीन 'बागायत' होते. मुलीचा रंग स्टुडिओतच उजळतो, आता तर स्टुडिओचीही गरज नाही, मोबाइलच चेहरा घासूनपुसून देतो. मग पाहुणे घरी येतात, फोटोतली मुलगी शोधत राहतात, आणि समोर पोह्यांची बशी घेऊन उभी असलेली खरी मुलगी त्यांच्या चेहऱ्यावरची निराशा वाचते. तिच्या मनाचे काय होत असेल? तो फोटो तिने स्वतः निवडलेलाही नसतो कित्येकदा.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात न्यूयॉर्कमधल्या ८० जणांना बोलावले होते. इंटरनेटवर जोडीदार शोधणारी ही माणसे. त्यांची उंची मोजली, वजन केले, वय ओळखपत्रावरून ताडून पाहिले, आणि त्यांनी स्वतःविषयी लिहिलेल्या माहितीशी ते जुळवले. दहांतल्या आठ जणांनी काही ना काही खोटे लिहिले होते. पण बहुतेकांचे खोटे लहान होते. उंची बोटभर वाढवलेली, वजन थोडे उतरवलेले. अभ्यासकांना त्याचे कारण असे वाटले की प्रत्यक्ष भेट होणार हे माणसाला ठाऊक असते, म्हणून तो फार लांब जात नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी. भेटीत दिसते ते आपण थोडेच लपवतो. जे भेटीत दिसत नाही तेच आपण झाकतो: सावकाराचे कर्ज, दारू, जुने आजारपण, आधीचे मोडलेले लग्न. उंचीचे खोटे पहिल्या भेटीत उघडे पडते. हे खोटे लग्नानंतर सहा महिन्यांनी उघडे पडते, तेव्हा परतीची वाट बंद झालेली असते.

पवित्र शास्त्राला हा विषय नवा नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब भावाचे कपडे चढवतो, हातांना आणि मानेला करडांची कातडी गुंडाळतो आणि आंधळ्या बापापुढे एसाव म्हणून उभा राहतो. बापाला आवाज एकाचा आणि हात दुसऱ्याचे लागतात, तरी आशीर्वाद मिळून जातो. पुढे काय होते? हाच याकोब राहेलसाठी सात वर्षे राबतो, लग्नाची रात्र सरते, आणि सकाळी पाहतो तर शेजारी लेआ. सासरा लाबान त्याच्याहून हुशार निघाला. आपण ही गोष्ट सांगताना 'जशास तसे' म्हणून हसतो आणि पुढे जातो. आम्हाला मात्र लेआकडे पाहावेसे वाटते. बापाने रचलेल्या त्या फसवणुकीचे मोल तिने भरले. मुलगे होत गेले आणि प्रत्येक वेळी ती आशा करत राहिली की आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील. बायोडेटात वडीलधाऱ्यांनी खोटे लिहिले की ते निस्तरायला असाच कोणीतरी तिसरा मागे राहतो.

आता दुसरे घर पाहा. तोबितचे पुस्तक आपल्या कॅथलिक बायबलात आहे, पण आपण ते फारसे उघडत नाही. तरुण तोबिया एकबतानाला रगुएलच्या घरी येतो आणि त्याच्या मुलीला, साराला, मागणी घालतो. साराची कहाणी भयंकर आहे. सात वेळा तिचे लग्न लावले आणि सातही नवरे पहिल्याच रात्री मेले. कोणता बाप हे सांगेल? घरी चालून आलेले स्थळ, मुलगा नात्यातला, देखणा, आणि त्याला काहीच ठाऊक नाही असे बापाला वाटते. रगुएल जेवणाच्या वेळी त्याला सारे सांगून टाकतो. सात नवरे, सात मरणे. तोबिया उठून जात नाही. हे ठरल्याशिवाय मी घासही घेणार नाही, असे तो म्हणतो. मग लग्नाचा करार लिहून होतो. (रगुएलचा धीर तरी केवढा! त्याच रात्री त्याने गुपचूप एक कबरही खणून ठेवली होती. खरे सांगणाऱ्यालाही भीती असतेच.)

रगुएलने हे गावच्या चौकात सांगितले नाही, ज्याला सांगायचे त्यालाच सांगितले, हेही ध्यानात घ्यावे. आपल्या जिल्ह्यात अशी घरे आहेत जिथे कर्जापायी बापाने स्वतःचा जीव घेतला. त्या घरची मुलगी बायोडेटात 'वडील आजाराने वारले' असे लिहिते. तिला आम्ही खोटारडी म्हणणार नाही. शेकडो अनोळखी मोबाइलवर फिरणाऱ्या कागदावर घरची जखम मांडणे तिचे कर्तव्य नाही. तिथे नुसते 'वडील नाहीत' लिहावे, तेवढे पुरे. पण ज्याच्यासोबत जन्म काढायचा त्याला ते तिच्या तोंडून कळले पाहिजे, आणि लग्नाची तारीख ठरण्याच्या आधी कळले पाहिजे. झाकलेले सगळेच खोटे नसते. ज्याचा हक्क आहे त्याच्यापासून झाकले तर ती फसवणूक होते.

चर्चचा कायदा याबाबतीत पुष्कळांना वाटतो त्याहून कडक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतले कलम १०९८ सांगते की वैवाहिक जीवनच ढवळून निघेल अशी एखादी गोष्ट होकार मिळवण्यासाठी जाणूनबुजून लपवली, तर तो विवाह मुळातच वैध होत नाही. वंध्यत्वाचेच पाहा. कलम १०८४ प्रमाणे वंध्यत्व हा विवाहाला अडथळा नाही, अशा माणसाचा विवाह अगदी वैध. पण तेच फसवून लपवले तर १०९८ लागू होऊ शकते. आजारपणाने जे बिघडले नसते ते लपवण्याने बिघडते. पाच किलो वजनासाठी कोणी धर्मन्यायालयात जात नाही, तशी भीती नको. आणि चर्चमध्ये आपण विवाहाची जाहीर सूचना वाचतो ती कशासाठी? १२१५ च्या चौथ्या लॅटेरन परिषदेने तिचा नियम केला, १५६३ मध्ये त्रेंतच्या परिषदेने ती तीन वेळा वाचावी असे ठरवले. चोरून लागणाऱ्या लग्नांत बायकांची फसगत होई, तिला आळा बसावा म्हणून. गावाला माहीत असलेले खरे वेळेवर समोर यावे, एवढाच तिचा हेतू. मोबाइलवरच्या माणसाला असे गाव नसते. परदेशातला डॉक्टर म्हणून ओळख वाढवायची, भेटवस्तू विमानतळावर अडकली म्हणून पैसे मागायचे, हा धंदा तर आता सगळ्यांना ठाऊक आहे. असे कोणी पैसे मागितले तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे, लाजू नये.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना एक गंमत कळली होती. 'पर्सन' या इंग्रजी शब्दामागचा लॅटिन शब्द 'पर्सोना'. त्याचा जुना अर्थ नटाचा मुखवटा. आपल्या भाषेत त्याला आपण 'व्यक्ती' म्हणतो, आणि त्याचे मूळ आहे प्रकट होणे, व्यक्त होणे. शब्द मराठी वापरायचा आणि वागायचे मात्र लॅटिन, असे आपले चालले आहे.

पण मुलांनाच का बोलावे? 'शेतकरी नवरा नको' हे वाक्य याच चर्चच्या आवारात, मिस्सा सुटल्यावर, आम्ही कानांनी ऐकले आहे. म्हणणाऱ्यांच्या स्वतःच्या घरी पऱ्हाटी आणि तूर असते. त्यांची भीती खोटी नाही, पावसाने आणि भावाने त्यांना पुरते पोळले आहे. तरीही, वावरात राबणाऱ्या मुलाला त्याच्या तोंडावर नाकारायचे आणि तोच मुलगा 'कंपनीत' म्हणून आला तर चहा पाजायचा, मग खोटे बोलायला त्याला शिकवले कोणी? मागणीच अशी ठेवली की खरा माणूस तीत बसतच नाही, तर घरात सोंग येणारच.

दिवंगत पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०११ च्या जागतिक संपर्क दिनाच्या संदेशात, इंटरनेटवर स्वतःची कृत्रिम प्रतिमा उभारण्याच्या मोहापासून सावध केले होते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ च्या 'आमोरिस लेतित्सिया'मध्ये त्याची दुसरी बाजू दाखवली. नाते हे मोबाइलच्या जोडणीसारखे वाटेल तेव्हा जोडावे, वाटेल तेव्हा तोडावे, समोरच्याला 'ब्लॉक' करावे, अशी सवय लागते. ही दोन्ही दुखणी एकाच घरची आहेत. ज्याला आपण सजवलेला फोटो दिला त्याच्याशी आपली खरी भेट झालेलीच नसते, म्हणून त्याला पुसून टाकणेही सोपे जाते. योहानच्या शुभवर्तमानात विहिरीवर आलेल्या शमरोनी स्त्रीला प्रभू येशू तिच्या पाच नवऱ्यांविषयी सांगतो आणि तरी तिच्याशी बोलत राहतो. ती गावात धावत जाऊन सांगते काय, तर मी केलेले सारे ज्याने मला सांगितले त्याला येऊन पाहा. आपले सगळे ठाऊक असूनही कोणी तोंड फिरवले नाही, हा आनंद तिने त्या दिवशी पहिल्यांदाच अनुभवला असावा.

विवाहापूर्वी आम्ही दोघांची वेगवेगळी चौकशी घेतो. त्यात शपथेवर एक प्रश्न असतो: तुम्ही आपल्या जोडीदारापासून काही महत्त्वाचे लपवले आहे काय? हा प्रश्न येतो तोवर पत्रिका छापून झालेल्या असतात, मंडपवाल्याला विसार दिलेला असतो, आणि मान खाली घालून 'नाही' म्हणणाऱ्याकडे पाहून आमच्या पोटात कालवते. म्हणून ज्यांची सोयरीक ठरत आली आहे त्या मुलामुलींनी तारीख धरण्याच्या आधी एकदा येऊन भेटावे. रविवारी मिस्सानंतर कार्यालय उघडे असते. घरच्यांना सोबत आणण्याची गरज नाही.

ख्रिस्तामध्ये आपले,
धर्मगुरू