पळसावरचा शिंजीर



हिवाळा ओसरू लागला की सह्याद्रीच्या उतारावर पळस फुलतो. अशा एखाद्या सकाळी, फजरच्या नमाजनंतर, त्या झाडापाशी थोडा वेळ निश्चल उभे राहा. जेमतेम चार इंचांचा एक काळा पक्षी येईल आणि बारीक, बाकदार चोच फुलात घालून मधुरस शोषील. हा जांभळा शिंजीर. सावलीत तो काळाच दिसतो. मात्र मान वळवताना ऊन पडले की त्याच पिसांतून निळ्या, हिरव्या, जांभळ्या छटा उमटतात. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडल्यानेच हे रंग दिसतात.

सूरह अल-मुल्कमध्ये अल्लाह तआलाने डोक्यावरून जाणाऱ्या, पंख पसरणाऱ्या व मिटणाऱ्या पक्ष्यांकडे आपले लक्ष वेधले आहे. आपल्यापैकी अनेकजण झोपण्यापूर्वी ही सूरह पठण करतात. पण तिलावत करणारी जीभ आणि पाहणारा डोळा यांची भेट क्वचितच होते.

या पक्ष्याची मादी वस्तीला फारशी भीत नाही. अंगणातील झुडपावर, कधी दारापाशी लोंबणाऱ्या तारेवरही ती घरटे बांधते. गवत, सुकी पाने, सालीचे तुकडे ती कोळ्याच्या जाळ्याने एकत्र गुंफते. सूरह अल-अन्कबूतने ज्या कोळ्याच्या घराला सर्वांत दुबळे म्हटले, त्याच्याच धाग्यांवर ही इवलीशी आई आपली पिल्ले झुलवते! दुरून मात्र ते घरटे लोंबत्या कचऱ्यासारखे दिसते, आणि ईदपूर्वीच्या साफसफाईत जळमटांबरोबर केरसुणीने खाली येते.

कोणी म्हणेल, पाकी हा ईमानचाच भाग आहे. निःसंशय. परंतु हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी सांगितलेली हदीसही आपल्यासमोर आहे. प्रवासात काही सहाबांनी एका पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन फडफडू लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तिला कोणी दुःख दिले असे विचारले आणि पिल्ले परत ठेवण्यास सांगितले. प्रवासाची निकड असतानाही आधी तिची दखल घेतली गेली.

म्हणून केरसुणी उचलण्यापूर्वी त्या पुंजक्याकडे जरा निरखून पाहा. बाजूला, वरच्या अंगाला लहानसे दार असेल आणि मादी ये-जा करीत असेल, तर ती तार तशीच राहू द्या. अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात, पिल्ले उडायला जवळपास तितकेच. घरातील मुलांना लांबून दाखवा. हात लावू देऊ नका. ईदचा रंग बाकीच्या भिंतींना द्यावा, ती खिडकी नंतर रंगवता येईल.