मुळाबरहुकूम

कचेरींत काम करणाऱ्या कोणाही गृहस्थास तेथील प्रिंटरविषयीं विचारावें. तो तक्रारींचा पाढा वाचूं लागेल. हें यंत्र आतां एकट्या छपाईचें राहिलेलें नाहीं. छापणें, नक्कल काढणें, कागदाचें चित्र घेऊन तें संगणकांत साठविणें आणि क्वचित् तें फॅक्सनें परगांवीं धाडणें अशीं चारही कामें एका पेटींत सामावलीं आहेत. आणि शिपायापासून साहेबापर्यंत सर्वजण तिला सरसकट 'झेरॉक्स मशीन' म्हणतात, मग तिच्यावर नांव कोणत्या का कंपनीचें असेना. तक्रारीही ठरलेल्या. कागद नेमका घाईच्या वेळीं अडकतो. काळी शाई शिल्लक असतांही पिवळी संपली म्हणून यंत्र हटून बसतें. शाईचें कार्ट्रिज घ्यावयास जावें तर वाटतें, थोडी भर घालून नवें यंत्रच कां घेऊं नये!

मीं सारा जन्म कचेरींत काढला असल्यामुळें या तक्रारी मला पाठ आहेत. परंतु त्या सर्व दोषांत एक गुण आहे, तो हा कीं ते दिसतात. अडकलेला कागद आपण अडकलों हें लपवीत नाहीं. पुसट निघालेली नक्कल स्वतःच बजावते कीं मजवर भिस्त ठेवूं नका. मला ज्या दोषाविषयीं लिहावयाचें आहे तो याच्या अगदीं उलट जातीचा आहे. आणि तो यंत्राचा किती व माझा किती, याचा उलगडा मला अद्याप नीटसा झालेला नाहीं.

१९३८ सालच्या ऑक्टोबरच्या २२ तारखेस न्यूयॉर्क शहरांतील अस्टोरिया भागांत चेस्टर कार्लसन यानें कोरड्या नकलेचा पहिला प्रयोग यशस्वी केला. हा गृहस्थ एका कंपनीच्या पेटंट-खात्यांत नोकरीस होता व तेथें लागणाऱ्या नकलांच्या कटकटीला विटला होता. म्हणजे हा शोध निव्वळ कारकुनी त्रासांतून जन्मला, हें आम्हां कारकुनांस भूषणावहच होय. त्याच्या तत्त्वावरचें '९१४' हें कचेरी-यंत्र १९५९ सालीं पुढें आलें. त्या जुन्या यंत्रांत मूळ कागदावरून परतलेला प्रकाश थेट एका विद्युद्भारित पृष्ठभागावर पडे. जेथें अक्षर तेथें भार शिल्लक राही, व त्या भारास काळी पूड चिकटे. नकलेचा मुळाशीं प्रकाशाच्या द्वारें कां होईना, प्रत्यक्ष संबंध होता. आजचें यंत्र तसें करीत नाहीं. तें आधीं कागद पाहतें, पाहिलें त्याचें आंकड्यांत वर्णन करून ठेवतें, आणि मग त्या वर्णनावरून नवा कागद छापतें. आरशांतील प्रतिबिंब आणि पाहणाऱ्यानें सांगितलेली हकीकत यांत जो भेद, तोच येथें आहे. आणि हकीकत सांगणारा म्हटला कीं तो चुकूं शकतो.

तो कसा चुकतो हें २०१३ सालीं जर्मनींत उघडकीस आलें. दाविद क्रीझेल या संगणकशास्त्रज्ञाच्या पाहण्यांत एक बांधकामाचा नकाशा आला. मुळांत तीन खोल्यांचीं क्षेत्रफळें १४.१३, २१.११ व १७.४२ चौरस मीटर अशीं होतीं. झेरॉक्स कंपनीच्या बहुकार्यी यंत्रांतून निघालेल्या प्रतींत तिन्ही खोल्या १४.१३ झाल्या होत्या. अक्षर स्वच्छ, रेघा सरळ, डाग कोठें नाहीं! कारण असें कीं, जागा वांचविण्यासाठीं यंत्र पानाचे बारीक तुकडे पाडतें, आणि दोन तुकडे सारखे वाटले कीं एकच ठेवून दोन्ही ठिकाणीं तोच वापरतें. सारखेपणा ठरविण्यांत ढिलाई झाली कीं इंग्रजी सहाच्या जागीं आठ येऊन बसतो. आणि तो आठ त्याच पानावरून उचललेला असल्यामुळें बेमालूम दिसतो. हलक्या प्रतीची मांडणी निवडल्यास अक्षरांची अशी अदलाबदल होऊं शकेल, ही सूचना यंत्राबरोबर दिलेलीच होती. ती कोण वाचतो? पुढें उंची मांडणींतही तोच दोष आढळला, आणि कंपनीनें दुरुस्ती प्रसृत केली.

ही बातमी वाचली तेव्हां मी एका संस्थेच्या आस्थापना-विभागाचा प्रमुख होतों, आणि आमचें जुनें दप्तर यंत्रावरून काढून होऊन दोन वर्षें लोटलीं होतीं. आमचें यंत्र निराळ्या कंपनीचें होतें, व त्यांत तो दोष होता असें म्हणण्यास मजजवळ कांहीं आधार नाहीं. दप्तराची खोली रिकामी करून हवी होती. पगारपत्रकें, ज्येष्ठतेच्या याद्या, हुकुमांच्या फायली असे गठ्ठे एकामागून एक यंत्रावरून जात, आणि प्रत्येक गठ्ठ्यामागें एका छापील दाखल्यावर माझी सही होई: 'मूळ कागदांशीं ताडून पाहिलें, मुळाबरहुकूम असे.' पहिले अकरा गठ्ठे मीं खरोखरीच ताडून पाहिले. एक उमेदवार मुलगा मूळ वाची, मी पडद्यावर पाहीं. अकरांत एकही चूक निघाली नाहीं. बाराव्या गठ्ठ्याच्या दिवशीं एक बैठक होती, म्हणून सही आधीं केली व ताडणें उद्यांवर टाकलें. तो उद्यां उगवलाच नाहीं. त्यापुढील तीनशेंहून अधिक गठ्ठ्यांवर मीं नुसत्या सह्या ठोकल्या. आणि मूळ कागद लगद्याच्या कारखान्यास गेले.

मी निवृत्त झाल्यावर एके सकाळीं आमचे एक जुने शिपाई घरीं आले. त्यांना आम्ही सारे मामा म्हणत असूं. नोकरीस १९७६ सालीं लागलों असें त्यांचें म्हणणें. टाइप केलेल्या यादीच्या प्रतींत १९७८ होतें. यादींतले आंकडे इंग्रजी होते. त्यांचें सेवापुस्तक पूर्वींच गहाळ झालेलें, नेमणुकीचा हुकूम घर बदलतांना हरवलेला. तेव्हां ती यादी हाच काय तो पुरावा, आणि दोन वर्षांच्या मानानें निवृत्तिवेतन घटलेलें. मला वाटलें, मामा भांडावयास आले असावेत. त्यांनीं पिशवींतून दाखल्याची प्रत काढून पुढें ठेवली व म्हटलें, "साहेब, खालीं तुमची सही आहे. तुम्ही ताडून पाहिलंय, म्हणजे माझ्याच डोक्यांत कांहीं घोळ असेल. तेवढं एकदां सांगा, म्हणजे मी गप्प बसतों."

मीं त्यांना चहा दिला आणि चौकशी करतों असें सांगून वाटेस लावलें. त्यांच्या तोंडावर खरें सांगण्याचें धैर्य त्या दिवशीं मला झालें नाहीं.

मीं खोटें बोललों होतों काय? प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. कदाचित् मूळ यादींतच १९७८ असेल; मामांची आठवण चुकत असेल. तसें असल्यास दाखल्यांतील 'मुळाबरहुकूम असे' हें विधान खरेंच ठरतें. बाराव्या शतकांतील श्रीहर्षानें 'खण्डनखण्डखाद्य' ग्रंथांत असाच एक पेंच टाकला आहे: झांकलेल्या मुठींत कवड्या किती, याला कोणी अंदाजानें 'पांच' म्हणाला आणि त्या पांचच निघाल्या, तर त्याला ज्ञान झालें म्हणावयाचें काय? उत्तर खरें, पण त्याचें नव्हे. श्रीहर्षाचा रोख ज्ञानाच्या व्याख्येवर होता. नीतीची बाजू इंग्रज गणितज्ञ क्लिफर्ड यानें १८७७ सालच्या आपल्या निबंधांत मांडली. जुनें जहाज न तपासतां, तें सुखरूप जाईल अशी मनाची समजूत घालून उतारू धाडणारा मालक त्यानें कल्पिला आहे. आणि जहाज पैलतीरास लागलें तरी मालकाचा अपराध तिळभर कमी होत नाहीं, असा निवाडा दिला आहे. मला हा निवाडा कठोर वाटे. आतां वाटत नाहीं. तपासलें या शब्दांत यादीविषयींचें विधान थोडें, माझ्याविषयींचें अधिक आहे. आणि तें तर यादी खरी असो वा खोटी, धडधडीत असत्य होतें.

माझे एक वकील स्नेही आहेत. त्यांच्यापुढें हें मांडलें तेव्हां ते हंसले. म्हणाले, "अहो, असले दाखले कोणी वाचून सही करतो काय? सर्वांनाच ठाऊक आहे. जेथें कोणी विश्वासच ठेवीत नाहीं तेथें फसवणूक कसली?" या बोलण्यांत तथ्य आहे. आमच्या तरुणपणीं गुणपत्रिकांच्या नकला घेऊन आम्ही राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारीं उभे राहत असूं, आणि तो हिरव्या शाईनें वीस सह्या एका दमांत करी; त्यानें वाचलें नाहीं हें आम्ही डोळ्यांनीं पाहत असूं. २०१४ सालीं केंद्र सरकारनें स्वयंसाक्षांकनावर भर दिला, तेव्हांपासून आपली प्रत खरी असल्याचें आपणच न वाचतां लिहितों. असत्य निदान घरच्या घरीं राहतें, एवढीच सुधारणा. पण वकीलसाहेबांच्या 'सर्वांना' या शब्दांत मामा येत नाहींत. संकेत ठाऊक आहे तो फसत नाहीं, हें कबूल. परंतु तशा माणसाला त्या सहीची गरजही नसते. ज्याला गरज असते, तो सही म्हणजे सहीच समजतो, इतका कीं तिच्यापुढें स्वतःची आठवण खोटी मानावयास तयार होतो.

आपल्याकडील जुन्या पोथ्यांच्या शेवटीं लेखक एक संस्कृत वचन लिहून ठेवीत. जसें पाहिलें तसें लिहिलें, चूक असल्यास दोष मजकडे देऊं नये, असा त्याचा आशय. लहानपणीं मला ही पळवाट वाटे. परंतु त्या माणसानें पाठ वांकवून, मान मोडून, एकेक अक्षर डोळ्यांखालून घातलेलें असे. पाहिलें, हें म्हणण्याचा त्याला अधिकार होता. अक्षर लावतां आलें नाहीं तर तो अडखळे, आणि त्याचें अडखळणें पुष्कळदां खाडाखोडींत उमटून राही. यंत्रानें पाठीचा वांक वांचविला, हें मोठेंच काम केलें. मी कांहीं यंत्रें मोडावयास निघालेला नाहीं. मात्र वांकणें वांचलें त्याबरोबर पाहणेंही वांचलें असें आम्हीं गृहीत धरलें, आणि 'पाहिलें' हा शब्द तेवढा दाखल्यावर राहूं दिला.

वकीलसाहेबांचा दुसरा मुद्दा अधिक अवघड होता. ते म्हणाले, "एका गठ्ठ्यापुरतें हें कबूल कराल, तर बाकीचे तीनशें कोसळतील. त्यांत शेंकडों लोकांचीं निवृत्तिवेतनें, वारसांचे हक्क आहेत, आणि बहुतेक कागद बरोबरच असणार. एका मामांसाठीं त्या सर्वांच्या पायाखालची जमीन काढून घेण्याचा तुम्हांस काय अधिकार?" यावर मजजवळ तयार उत्तर नव्हतें, आणि आजही पुरतें नाहीं. फक्त मामांच्या गठ्ठ्यापुरतें लिहावें, असा मोह मला दोन दिवस पडला. पण मग तेंही निवडक सत्य झालें असतें. आणि आपण चुकीच्या सालावर उभे आहों हें ज्याला ठाऊकच नाहीं, असा दुसरा कोणी मामा त्या तीनशेंत नसेलच हें मीं कशावरून ठरवावें? पुन्हां न पाहतांच ना?

अखेर मामांकडे गेलों व सर्व सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे शहात्तरच असूं शकतं." मीं म्हटलें, "असूं शकतं, मामा; अठ्ठ्याहत्तरही असूं शकतं. मला ठाऊक नाहीं, एवढंच मी लिहून देऊं शकतों." त्याच आठवड्यांत मीं संस्थेस पत्र लिहिलें कीं, अकराव्या गठ्ठ्यापुढील माझे दाखले ताडणीचा पुरावा म्हणून धरूं नयेत.

सहा आठवड्यांनीं उत्तर आलें. पत्र लिहिणारी व्यक्ति व तत्कालीन विभागप्रमुख एकच असल्याची खात्री पटावी म्हणून, निवृत्तीच्या हुकुमाची व ओळखपत्राची स्वयंसाक्षांकित प्रत जोडावी, त्यानंतर मामांच्या अर्जासह प्रकरण विचारांत घेण्यांत येईल, असें त्यांत होतें. मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानांत गेलों. प्रती हातीं आल्यावर चष्मा पुसला, आणि तेथल्याच बांकावर बसून हुकुमाचा क्रमांक, तारीख, वेतनश्रेणी एकेक आंकडा मुळाशीं लावून पाहूं लागलों. दुकानांतला मुलगा थोडा वेळ पाहत राहिला व मग म्हणाला, "काका, झेरॉक्स आहे ती. त्यांत काय बघायचं?" मी दुसऱ्या पानाच्या मध्यावर होतों, ओळ चुकूं नये म्हणून बोट तसेंच कागदावर ठेवलें.