दिलेला आवाज

गेल्या चैत्रात आमच्या घरात एका यंत्रावरून बोलणे सुरू झाले आणि ते अजून पुरते संपलेले नाही. यंत्र लहानसेच, शाळेतल्या पाटीएवढे. त्यावर रबराच्या सोळा चौकटी, चार ओळींत चार-चार. चौकटीवर बोट मारले की जोडलेल्या संगणकातून ढोल, ताशा, टाळी, काय हवा तो आवाज निघतो. आमच्या पुतण्याला हा पॅड कंट्रोलर घ्यायचा होता आणि पैसे मी द्यायचे होते. बारा-तेरा हजारांचा मामला. सिल्वासाजवळच्या खडोलीत कारखान्याच्या स्टोअरमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला ही रक्कम लहान नाही. पण माझी झोप ज्याने उडवली तो प्रश्न पैशांचा नव्हता.

आम्ही मूळचे खानदेशातले. तीस वर्षांपूर्वी नोकरीसाठी दादरा नगर हवेलीत आलो. पाळी संपली की आमच्यासारखी चार घरे एकत्र बसून भजन म्हणत. त्या भजनातूनच पुढे आमची पाच जणांची पार्टी उभी राहिली. मी पेटीवर, पुतण्या कीबोर्डवर, एक गाणारा, एक टाळ-खंजिरीवाला आणि ढोलकीवर मामा. मामा आमचे नात्याने कोणी नव्हेत. ते इथलेच, वारली समाजातले, सत्तरीला आलेले. सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. लग्न, हळद, गणपती अशा सुपाऱ्या मिळत आणि बिदागीचे पाच सारखे वाटे होत.

मामांचे खरे वाद्य तारपा. वाळवलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यावर ते उभे राहते. गालात हवा धरून ती बाहेर सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. भाताची कापणी झाली की पाड्यावर तारपा घुमतो. वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणाऱ्यांचा फेरा त्याच्याभोवती फिरतो. त्याने चाल बदलली की पावले बदलतात.

अलीकडे दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. थंडीत मामांची बोटे आखडू लागली आणि लग्नघरचे लोक आम्हांला विचारू लागले, "तुमच्याकडे ऑक्टोपॅड नाही का?" एका वर्षात दोन सुपाऱ्या याच कारणाने गेल्या. पुतण्याने मग सोळा चौकटींचा विषय काढला.

मी आधी नेहमीचे उत्तर दिले. म्हटले, यंत्रातून निघालेला ताल तो ताल नव्हे. पुतण्या म्हणाला, "आप्पा, मग तुमची पेटी कुठली?" मी गप्प झालो. पेटी युरोपातून आली. तिचे स्वर ठरावीक पट्ट्यांत बांधलेले, मींड तिला घेता येत नाही, म्हणून १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी केली आणि ही बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. आणि याच पेटीवर व तिच्या थोरल्या बहिणीवर, ऑर्गनवर, आमच्या मराठी रंगभूमीचे संगीत पोसले गेले. उपऱ्या वाद्याच्या मांडीवर वाढलेल्या माणसाला दुसऱ्या वाद्याला उपरे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. तो मुद्दा मी सोडून दिला.

मग मी ते यंत्र नीट समजून घ्यायचे ठरवले. स्टोअरकीपरची सवय अशी की माल आत घेण्यापूर्वी उघडून पाहायचा. तेव्हा कळले की या पॅडला स्वतःचा आवाजच नाही. चौकटीवर बोट पडले की तो संगणकाला दोन आकडे कळवतो : कोणती चौकट आणि किती जोराने. जोराला ० ते १२७ अशा पायऱ्या आहेत. निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांनी एकमेकांशी याच आकड्यांत बोलावे अशी भाषा १९८३ साली ठरली. त्याआधी, १९८० साली, रॉजर लिन या अमेरिकन गृहस्थाने खऱ्या ड्रमचे आघात ध्वनिमुद्रित करून एका यंत्रात भरले होते. १९८५ साली जपानी रोलँड कंपनीचा आठ चौकटींचा ऑक्टापॅड आला. त्याच्या नावाचा आपल्या मांडवात 'ऑक्टोपॅड' झाला आणि पुढे तसल्या प्रत्येक यंत्राला तेच नाव चिकटले. सोळा चौकटींचा घाट लिन यांनीच अकाई कंपनीसाठी १९८८ साली बाजारात आणला.

पेटी आणि पॅड यांतला फरक मला इथे सापडला. पेटीचा सूर पेटीतल्या पितळी पट्टीचा असतो. पॅडमधला आघात कुठल्या तरी खऱ्या माणसाच्या हाताचा असू शकतो, आणि त्या माणसाला तिथे बोलावलेले असेलच असे नाही. तेव्हा यंत्र चांगले की वाईट हा प्रश्न माझ्यापुरता संपला आणि दुसरा उभा राहिला : यात भरलेला आवाज कुणाचा?

उत्तर लवकरच मिळाले. यंत्र घेण्यापूर्वी आवाज तयार असावेत म्हणून पुतण्याने एका रविवारी मामांना घरी बोलावले. मामांनी ढोलकीवर एकेक बोल वाजवला, थाळी वाजवली, थोडा तारपाही फुंकला. पुतण्याने सगळे टिपून घेतले आणि संगणकाची कळ दाबून मामांना त्यांचीच थाप ऐकवली. मामा लहान मुलासारखे हसले. त्यांनी स्वतः चार-पाच वेळा कळ दाबून पाहिली. मग म्हणाले, "बरा वाजतो. मग आता मी कशाला येऊ?"

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. विचारावे तसे त्यांनी विचारले. आमच्यापैकी कुणालाही उत्तर सुचले नाही. हिने चहा आणला आणि विषय तेवढ्यावर राहिला.

मला मात्र एका कारखान्याची आठवण झाली. तिथे नवी यंत्रे आली तेव्हा "एकही माणूस कमी होणार नाही" असे सांगितले गेले होते. सांगणारे खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही. पण दोन वर्षांनी हजेरीपटावरची नावे निम्मी झाली होती. माणूस कमी करायचे कुणी ठरवावे लागत नाही. त्याच्यावाचून भागते हे एकदा कळले की पुरते.

याहून कडू उदाहरण दूरचे आहे. १९६९ साली अमेरिकेत द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या एका तबकडीत ग्रेगरी कोलमन या ड्रमवादकाने चार आवर्तने एकट्याने वाजवली. जेमतेम सात सेकंदांचे वादन. पुढे यंत्रांत आघात भरण्याची सोय झाली आणि ते सात सेकंद जगभरच्या हजारो गाण्यांत जाऊन बसले. कोलमनला त्याबद्दल एक पैसाही मिळाला नाही. २००६ साली तो विपन्नावस्थेत वारला. २०१५ साली लोकांनी वर्गणी काढून चोवीस हजार पौंड त्या वाद्यवृंदाच्या प्रमुखाला दिले. वाजवणारा ते पाहायला नव्हता.

आपल्याकडे कायदा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली कलाकाराचे हक्क घातले गेले, आणि कलाकार कोण हे सांगताना गायक-वादकांच्या बरोबरीने डोंबारी आणि गारुडीही त्यात मोजले गेले. हे वाचून मला फार बरे वाटले. पण पाच जणांच्या पार्टीत कोर्टकचेरी कोण करतो? जिथे कायदा पोचत नाही तिथेच माणसाच्या नीतीची परीक्षा असते.

यावर एक आक्षेप मीच स्वतःला घेतला. शिष्य गुरूचा बोल उचलतो तेव्हा तो तरी वाटा कुठे देतो? खरे आहे. पण शिष्याला तो बोल स्वतःच्या हातात उतरवावा लागतो, बोटे सुजेपर्यंत. उतरल्यावर तो शिष्याचा होतो आणि गुरूकडचा कमी होत नाही. पॅडमध्ये मामांची विद्या उतरत नाही. त्यांची थापच उचलून नेली जाते आणि बिदागीच्या वेळी त्यांच्याच जागेवर बसते. दुसरा आक्षेप कॅसेटचा. गेलेल्या गायकांच्या कॅसेटी आपण आनंदाने ऐकल्याच की. पण कॅसेटवर नाव असते, आणि ती वाजली म्हणून त्या गायकाच्या जागी दुसरा कोणी बसत नाही.

मग आवाज माणसापासून वेगळा होणे हेच पाप म्हणायचे काय? तेही मला पटेना, आणि न पटण्याचे कारण याच मातीत आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या हातून सुटले. त्या लढ्याला पैसा हवा होता, म्हणून लता मंगेशकरांनी पुण्यात गाऊन निधी उभा करून दिला. सुधीर फडके तर स्वतःच लढ्यात उतरले. एकीने आवाज दिला, एकाने देह आणून उभा केला. लताबाई इथे आल्या नाहीत म्हणून त्यांचे देणे कमी ठरत नाही, कारण तो आवाज त्यांनी आपण होऊन, कशासाठी ते जाणून दिला होता. माझ्या मते सगळा फरक इथे आहे. आवाज दिलेला आहे की काढून घेतलेला? दिलेला आवाज माणसापासून कितीही दूर गेला तरी त्याचाच राहतो. काढून घेतलेला आवाज तो माणूस शेजारी बसलेला असला तरी चोरीचाच.

आणि आम्ही मामांना विचारलेच नव्हते. "जरा वाजवून दाखवा," म्हटले होते, एवढेच.

म्हणून ज्येष्ठात एका संध्याकाळी मी आणि पुतण्या पाड्यावर मामांच्या घरी गेलो. मी सगळे उघड सांगितले. म्हटले, "मामा, तुम्ही आला नाहीत त्या रात्रीही तुमची ढोलकी यातून वाजेल. तुमची मर्जी असेल तर ठेवतो, नाही तर आत्ता तुमच्यासमोर पुसून टाकतो. ठेवली तर तुमचा आवाज वाजेल त्या रात्री तुमचा वाटा तुम्हांला मिळेल, तुम्ही या किंवा घरी झोपा."

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ढोलकी घ्या भाऊ. थाळी पण घ्या. तारपा नको."

पुतण्याने कारण विचारले.

"तो फुंकून वाजवायचा. दाबून नाही."

याहून अधिक त्यांनी काही सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. देणाऱ्याला काही राखून ठेवण्याचा हक्क असतो, आणि राखण्याचे कारण घेणाऱ्याला पटलेच पाहिजे असेही नाही. पुतण्याने तारप्याचे चारही तुकडे तिथेच पुसले.

परतताना तो नाराज होता. म्हणाला, "आप्पा, घरी बसल्याचा वाटा किती वर्षे द्यायचा? आणि मामांच्या मागे काय?" पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर तयार होते : आवाज वाजेल तितकी वर्षे. दुसऱ्याला नव्हते, आजही नाही. मामांच्या मुलांना द्यावा? की त्यांच्याबरोबर त्यांची ढोलकीही थांबवावी? हा प्रश्न न सोडवताच आम्ही यंत्र घेतले, हे कबूल केले पाहिजे. सगळ्या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत थांबायचे तर मीही कधी पेटीला हात लावला नसता.

गणपतीत आमची पहिली सुपारी झाली. मामा आले होते. बोटे दुखत असल्याने ढोलकी न घेता पुतण्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. पुतण्या चौकटींवर बोटे नाचवत होता, लोक खूश होते. तिसऱ्या-चौथ्या गाण्याला मामा त्याच्या कानाशी वाकले. वाजवणे न थांबवता तो मान डोलावत राहिला, आणि थोड्या वेळात लय किंचित खाली आली. समोर नाचणारी लहान पोरे दमली होती, ती पुन्हा पावलात आली.

रात्री टेम्पोत मी पुतण्याला विचारले, मामा काय म्हणाले. तो म्हणाला, "बोटांकडे बघू नको म्हणाले. पोरांच्या पायांकडे बघ."

बिदागीचे पाच वाटे झाले. सोळापैकी खालच्या ओळीच्या चार चौकटी रिकाम्या आहेत. त्या दाबल्या तर काही वाजत नाही. त्यांत दुसरे काही भरू का, असे पुतण्याने अजून विचारलेले नाही. विचारले तर 'भर' म्हणेन, पण आधी एवढेच विचारेन की कुणाला विचारून आणलेस.